‘मी नव्हतो, मित्र खेळत होता’ : या एका मेलने तुमची बाजू अडवली आहे

कराडच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. गावाचं नाव आणि गेमचं नाव बदललं तर हेच पत्र नांदेडहून, डोंबिवलीहून, मडगावहूनही येतं, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी लिहितो आहे.

हकीकत थोडक्यात अशी. वाचकाचं वय २१. मोबाइलवरच्या गेमची चार वर्षं जपलेली आयडी, म्हणजे खेळाडूचं खातं. परीक्षेच्या दिवसांत रँक घसरू नये म्हणून कॉलेजातल्या ओळखीच्या मुलाला १,२०० रुपये देऊन ती ‘रँक पुश’ला, म्हणजे आपल्या वतीने खेळून रँक चढवायला, दिली. लॉगिनचे ओटीपीही स्वतःच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. त्या मुलाने हॅक, म्हणजे खेळात लबाडी करून देणारं सॉफ्टवेअर, लावला आणि आयडी दहा वर्षांसाठी बॅन झाली. आजवर तिच्यावर ३८,००० रुपये घातलेले, त्यातले २,८०० रुपयांचे कॉइन (गेममधलं चलन) बंदीच्या आदल्याच दिवशी घेतलेले आणि तसेच पडून. गेले १४ महिने कंपनीशी मेल चालू आहेत. आता त्या मुलावर हॅकिंगचा गुन्हा दाखल करावा, ग्राहक आयोगात जावं, की एका मित्राच्या सल्ल्याप्रमाणे ‘माझी आयडी हॅक झाली होती’, म्हणजे कुणीतरी ती चोरून वापरली, असं कंपनीला नव्याने कळवावं, असं त्यांनी विचारलं आहे.

पासवर्ड कुणाला देऊ नये, हे तुम्हाला ठाऊक होतं. त्यावर मी वेळ घालवत नाही. तुम्ही जोडलेल्या कागदांत खरा कागद एकच आहे : बंदीनंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही कंपनीला पाठवलेला मेल. त्यात लिहिलंत, ‘सर, मी तेव्हा अभ्यास करत होतो, आयडी माझ्या मित्राकडे होती, हॅक त्याने लावला असेल, माझी काही चूक नाही.’ तुम्हाला वाटलं, हा बचाव आहे. करारासमोर धरला तर ती कबुली आहे, आणि तीही दोन गोष्टींची.

का, ते समजून घ्या. या गेमच्या करारांत तीन वाक्यं साधारणपणे असतात. पहिलं, आयडी हा तुम्हाला व्यक्तिशः दिलेला वापरपरवाना आहे, तो दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. दुसरं, लॉगिन कुणाला सांगायचं नाही. तिसरं, आयडीवरून जे काही होईल ते तुम्हीच केलं असं धरलं जाईल. बहुतेक जण पहिल्या दोन वाक्यांवर वाद घालतात. निकाल तिसऱ्यावर लागतो. बोटं कुणाची होती हा प्रश्न ते वाक्य मुळातच संपवतं, त्यामुळे ‘मित्र खेळत होता’ याला बचाव म्हणून किंमत राहत नाही. उलट दुसऱ्या वाक्याचा भंग, जो कंपनीला कदाचित दिसलाही नव्हता, तो तुम्ही लिहून दिलात. आणि ‘हॅक त्याने लावला असेल’ म्हणताना हॅक लागला होता हेही मान्य करून बसलात.

मला याचाच राग येतो. हॅक पकडणाऱ्या यंत्रणा चुकतात. त्या दिवशी तुम्ही फक्त एवढं विचारलं असतंत की कोणत्या तारखेच्या कोणत्या सामन्यात, कोणत्या उपकरणावरून, काय आढळलं ते कळवा, तर सिद्ध करण्याचं ओझं निदान काही प्रमाणात कंपनीवर राहिलं असतं. चार ओळींचा साधा मेल. तो लिहिण्याआधी कुणालाही दाखवावासा वाटला नाही, आणि आता १४ महिन्यांनी वकील आठवला.

‘पण स्टीमवर तर घरातल्यांना गेम वापरू देतात’ असं तुम्ही लिहिता (स्टीम ही संगणकावरचे गेम विकणारी सेवा). देतात. स्टीमच्या फॅमिली सोयीत सहा जणांपर्यंत एक कुटुंब धरलं जातं आणि प्रत्येक जण स्वतःच्या खात्यातून खेळतो. पासवर्ड दुसऱ्याला द्यायला तिथेही मनाई आहे. आणि तिथला नियम पुढेही वाचा : कुटुंबातल्या कुणी तुमच्या मालकीच्या प्रतीवर खेळताना चीटिंग केलं आणि बॅन झाला, तर त्या गेममध्ये तुम्हीही बॅन होता. म्हणजे परवानगीने वाटून घेतलं तरी जबाबदारी मालकाची सुटत नाही. ओटीटीचा एक पासवर्ड चार घरांत फिरवायची आपल्याला सवय लागली होती. नेटफ्लिक्सने २०२३च्या जुलैत भारतात तीही बंद केली. ती सवय गेमच्या आयडीला लावू नका.

आता तुमचे तीन पर्याय.

तिसरा आधी, कारण तो धोक्याचा आहे. ‘आयडी हॅक झाली होती’ असं अजिबात लिहायचं नाही. पहिला मेल कंपनीकडे आहे. लॉगिन तुमच्याच नंबरवरच्या ओटीपीने झालं, त्याची नोंद आहे. प्रकरण आयोगात गेलं तर तुम्हाला प्रतिज्ञापत्र करावं लागेल, आणि तिथे खोटं सांगणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली गुन्हा आहे. एका गेमच्या आयडीपायी एकविसाव्या वर्षी हे ओढवून घेऊ नका. ज्या मित्राने हा सल्ला दिला, त्याला पुन्हा सल्ला विचारू नका.

आता पहिला, पोलीस. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ ‘परवानगीशिवाय’ केलेल्या प्रवेशाबद्दल बोलतं. कलम ६६सी दुसऱ्याचा पासवर्ड ‘अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने’ वापरण्याबद्दल, त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर काय आहे? ‘घे भावा, ओटीपी आला’ असे तुमचेच मेसेज, आणि खाली १,२०० रुपये पाठवल्याची पावती. ठाणे अंमलदार तुमचा मोबाइल हातात घेऊन पहिल्या मिनिटात हेच वाचेल. तुम्ही खेळायला परवानगी दिली होती, हॅक लावायला नव्हती, असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर गुन्हा उभा राहील असं मी छातीठोक सांगणार नाही. एक अपवाद आहे. त्या मुलाने तुमच्या खात्यातून काही खरेदी केली असेल, किंवा ईमेल बदलून आयडी परत द्यायला पैसे मागितले असतील, तर चित्र बदलतं. तसं असेल तर आधी मला कळवा, पत्रात त्याचा उल्लेख नाही.

दक्षिण कोरियात पैसे घेऊन दुसऱ्याची रँक चढवून देण्याचा धंदा २०१९पासून गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे असा कायदा नाही, त्यामुळे तो आधार इथे मिळणार नाही. आणि खरं सांगायचं तर तसा कायदा असता तर पैसे देणारे म्हणून तुम्हालाही पहिल्यांदा अडचणीचेच प्रश्न विचारले गेले असते.

राहिला ग्राहक आयोग. इथे थोडी जागा आहे, पण तुम्हाला वाटते तिथे नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम २(४६)मध्ये ‘अनुचित करार’ म्हणजे काय ते दिलं आहे. त्यात दोन गोष्टी तुमच्या कामाच्या दिसतात : ग्राहकाने करार मोडला तर झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणं, आणि वाजवी कारण नसताना एका बाजूने करार संपवणं. दुसरी गोष्ट विसरा. वाजवी कारण तुमच्याच मेलने पुरवलं. पहिलीवर बोलता येईल, की एका चुकीला दहा वर्षं आणि ३८,००० रुपयांचा माल ही शिक्षा फार आहे. पण अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही. ती कायद्यानेच राज्य आयोगाकडे जाते, रक्कम कितीही लहान असो. राज्य आयोगाच्या वाऱ्या, वकिलाचा खर्च आणि समोर कंपनीची वकिलांची फौज, हे सगळं बॅन झालेल्या आयडीसाठी. आणि तिथे गेलात तरी आयडी परत सुरू करा असा आदेश मिळेल असं मला वाटत नाही. चीटिंग पकडलं म्हणून कंपनी खेळाडूला बाहेर काढते तेव्हा बाकीच्या खेळाडूंचंही हित त्यात असतं, आणि ते आयोगाला लगेच पटतं.

म्हणून आयडी मागू नका. ते २,८०० रुपये मागा.

ते कॉइन तुम्ही बंदीच्या आदल्या दिवशी घेतले आणि एकही वापरला नाही. पैसे घेतले, सेवा दिली नाही, हा सेवेतल्या त्रुटीचा साधा मुद्दा आहे आणि तो जिल्हा आयोगात मांडता येतो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे साताऱ्याला, तक्रार करायचा हक्क कलम ३४ देतं, त्यामुळे करारात परदेशातलं न्यायालय किंवा लवाद लिहिला असेल म्हणून घाबरू नका. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एम्मार एमजीएफच्या प्रकरणात कायम केलं आहे. ‘खाते बंद झाल्यास शिल्लक परत मिळणार नाही’ असं करारात बहुधा असेलच. कंपनी त्यावर बोट ठेवेल, आणि मग हा पुन्हा अनुचित कराराचाच प्रश्न झाला, जिल्हा आयोगाला तो ऐकता येत नाही, असंही म्हणेल. आयोग ते कसं घेईल हे आज सांगता येत नाही. आधीच्या ३५,२०० रुपयांचे कपडे, बंदुका, स्किन तुम्ही वापरून झालात, ते सोडून द्या. त्या गोष्टी तुमच्या मालकीच्या कधी नव्हत्या, वापरायला दिलेल्या होत्या.

खरेदी गूगल प्लेवरून होती, तर ४८ तासांच्या आत तिथेच परतावा मागता आला असता. त्या ४८ तासांत तुम्ही वर सांगितलेल्या मेलचा मसुदा करत होतात.

मुदतीचं पक्कं लक्षात ठेवा. कलम ६९ प्रमाणे तक्रार २ वर्षांत करायची, आणि दिवस मोजायचे ते बंदीपासून. ‘तुमच्या विनंतीचा विचार चालू आहे’ या छापील उत्तरांनी घड्याळ थांबत नाही. मेल करत राहिलो म्हणून उशीर झाला, हे कारण आयोग मान्य करेलच असं नाही. तुमचे १४ महिने गेले, १० उरले. कायदा म्हणतो, तक्रार नोटीस पोचल्यापासून ३ महिन्यांत निकालात निघावी. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात, आणि माणूस कंटाळून सोडून देतो. कंपन्यांचा हिशेबही त्यावरच चालतो, आणि आयोगांच्या जागा वेळेवर न भरणारं सरकार त्याला हातभार लावतं. पण अशा लहान रकमेत नोटीस गेल्यावर कंपनी कधीकधी स्वतःहून पैसे परत करते. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा, पण तिच्या उत्तराची वाट बघत बसू नका.

कागद आजच गोळा करा. बंदीच्या सूचनेचा तारखेसह स्क्रीनशॉट, खरेदीच्या पावत्या आलेले ईमेल, त्या दिवसाचा यूपीआय किंवा बँकेचा उतारा, शिल्लक कॉइन दिसणारा स्क्रीन अजून उघडत असेल तर तोही. हे सगळं इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे वाद वाढला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागू शकतं, म्हणून फोन फॉरमॅट करू नका, विकू नका. व्हॉट्सअ‍ॅपची ती चॅटही पुसू नका, गैरसोयीची आहे म्हणून तर मुळीच नाही. आणि कंपनीला आता एकही नवा मेल पाठवायचा नाही.

तुमच्या ओळखीच्या वकिलांनी सुचवलं, की आयडी उघडली तेव्हा तुम्ही १७ वर्षांचे होता म्हणून करारच रद्दबातल. १९०३च्या मोहोरीबीबी प्रकरणापासून अज्ञानाचा, म्हणजे १८ वर्षांखालच्या व्यक्तीचा, करार शून्य, हे खरं आहे. पण करारच नव्हता म्हटलं तर त्या कराराखालची आयडी तुम्ही कोणत्या हक्काने मागता? शिवाय १८ पूर्ण झाल्यावर दर मोठ्या अपडेटला नव्या अटींखाली ‘मान्य’ दाबून तुम्ही खेळत राहिलात. हा मुद्दा काढलात तर २,८०० रुपयांचा सोपा दावाही गुंतागुंतीचा होईल. तो बाजूला ठेवा.

शेवटी तुम्ही धाकट्या भावाचं विचारलंत, तो त्याच फोनवर खेळू शकतो का. काही गेम आयडीबरोबर उपकरणही बॅन करतात, तसं इथे झालंय का ते सूचनेत बघा. झालं नसेल तर त्याला त्याच्या स्वतःच्या नंबरवर आणि खऱ्या वयाने आयडी उघडू दे. तो १८च्या खाली असेल तर पालकाच्या संमतीच्या रकान्यात नंबर तुमच्या आईचा किंवा वडिलांचा टाका, तुमचा नको. आणि परीक्षेच्या दिवसांत त्याची रँक घसरली तर घसरू दे.