लघुग्रह, उल्का आणि अशनी यांत नेमका फरक काय?

फरक मुख्यतः तो दगड कुठे आहे यावर ठरतो.

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात सूर्याभोवती फिरणारे खडकाळ गोळे म्हणजे लघुग्रह. सगळेच तिथे नसतात. काहींच्या कक्षा पृथ्वीजवळूनही जातात. पट्ट्यातला सर्वांत मोठा सेरेस, व्यास सुमारे 940 किमी. 2006 पासून त्याला प्लूटोसारखंच बटुग्रह म्हणतात.

उल्का म्हणजे आपण ज्याला ‘तारा तुटला’ म्हणतो ती प्रकाशरेषा. तुटणारा तारा नसतोच. बहुतेक वेळा वाळूच्या कणाएवढा खडा सेकंदाला किमान 11 किमी वेगाने वातावरणात घुसतो, समोरची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते आणि खडा जमिनीपासून साधारण 80 ते 100 किमी उंचीवरच संपतो. ऑगस्टमधला ययाती उल्कावर्षाव धूमकेतूच्या धुळीमुळे होतो, डिसेंबरमधला मिथुन मात्र फेथन नावाच्या लघुग्रहामुळे. (शहरातल्या गच्चीवरून फारसं दिसत नाही, गावी जा.)

जळूनही जो तुकडा जमिनीवर पोहोचतो तो अशनी. 15 फेब्रुवारी 2013 ला रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे 20 मीटरचा लघुग्रह हवेतच फुटला. धक्क्याने खिडक्यांच्या काचा फुटून हजाराहून जास्त लोक जखमी झाले. नंतर तळ्यातून अर्ध्या टनाहून मोठा अशनी काढला.

आपल्याकडचं बुलढाण्यातलं लोणार म्हणजे अवकाशातला दगड थेट जमिनीवर आदळून झालेलं, बेसॉल्ट खडकातलं सुमारे 1.8 किमी व्यासाचं विवर. त्याला ज्वालामुखीचं तोंड म्हणणारे अजूनही भेटतात. ते चूक आहे.