रुद्रांविषयी बोलणार आहेस म्हणून

प्रिय मुली,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोचलं. दिल्लीच्या ख्रिस्ती मंडळीने सेंट स्टीफन्स कॉलेजचे प्राचार्य सुशीलकुमार रुद्र यांच्या स्मृतिदिनी बोलायला तुला सांगितलं, हे वाचून मनापासून आनंद झाला. तू लिहितेस की माणूस मोठा होता हे जाणवतं, पण सांगावं असं हाताला काही लागत नाही. तुरुंगवास नाही, गाजलेली भाषणं नाहीत, पाळकाचा झगासुद्धा नाही. मला वाटतं, तू चुकीच्या जागी शोधते आहेस. व्यासपीठावर रुद्र सापडणार नाहीत. ते वर्गात सापडतील आणि घरात सापडतील.

आधी वर्गाकडे बघ. सेंट स्टीफन्स कॉलेज १८८१ मध्ये केंब्रिज मिशनने काढलं आणि १८८६ मध्ये बंगालमधून आलेले रुद्र तिथे शिकवायला लागले. निवृत्त झाले १९२३ मध्ये. म्हणजे सदतीस वर्षं एकाच संस्थेत. मधल्या काळात पत्नी वारली, मुलं लहान होती; ती वाढवत त्यांनी कॉलेज सांभाळलं. १९०६ मध्ये ते प्राचार्य झाले, त्या कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य. इथे एक गोष्ट जपून सांग. ही कथा बहुतेक वेळा त्याच कॉलेजातले इंग्रज मिशनरी सी. एफ. अँड्र्यूज यांच्या मोठेपणाची म्हणून सांगितली जाते: गोऱ्या माणसाला ते पद मिळू शकत होतं, पण अँड्र्यूज रुद्रांसाठी अडून बसले. अँड्र्यूज यांचा मोठेपणा खराच आहे. पण ते दिल्लीत आले १९०४ मध्ये. तोवर रुद्रांनी तिथे अठरा वर्षं शिकवलं होतं. त्यांना ते पद कोणी उदारपणे दिलं असं तुझ्या बोलण्यातून वाटू देऊ नकोस. ते त्यांचं होतं. अँड्र्यूज यांनी फक्त अन्याय होऊ दिला नाही, आणि त्यांनाही ते असंच मांडलेलं आवडलं असतं.

ते मिशन पूर्णपणे इंग्रजांचं आणि धर्मगुरूंचं होतं. त्याच्या कॉलेजचा प्रमुख एक भारतीय, तोही पाळकाची दीक्षा न घेतलेला साधा विश्वासी. आपल्या मंडळ्यांमध्ये आजही वेदीजवळ उभा राहणारा तेवढा सेवक आणि बाकीचे ऐकणारे, असा समज मुरलेला आहे. तुझ्यासमोर बसलेल्या तरुणांना हे ऐकण्याची गरज आहे.

आता घराकडे ये. खरा ऐवज तिथे आहे. १९१५ मध्ये गांधी आफ्रिकेतून परतले. तेव्हापासून दिल्लीला आले की त्यांचा मुक्काम कश्मीरी गेटजवळ रुद्रांकडे असे. हकीम अजमल खान यांची आणि त्यांची गाठ रुद्रांनीच घालून दिली. एका ख्रिस्ती प्राचार्याने एका हिंदू पाहुण्याला दिल्लीच्या मुसलमान पुढाऱ्याकडे नेलं! हे नाव भाषणातून गाळू नकोस. आज दिल्लीत त्याची फार गरज आहे.

मग रौलेट कायदा आला, सत्याग्रह आला. गांधींना काळजी वाटली की आपल्यामुळे हा माणूस अडचणीत येईल, कॉलेजही धोक्यात येईल. म्हणून त्यांनी दुसरीकडे उतरण्याची तयारी दाखवली. रुद्रांनी जे उत्तर दिलं ते गांधींनी नंतर लिहून ठेवलं आहे. त्याचा आशय असा: माझा धर्म लोकांना वाटतो त्याहून खोल आहे, माझी मतं दीर्घ प्रार्थनेतून आलेली आहेत आणि माझ्या इंग्रज मित्रांना ती ठाऊक आहेत, त्यांच्यातलं माझं वजन आणि तुम्ही यांत निवड करायची वेळ आली, तर काय निवडायचं ते मला माहीत आहे, तुम्ही इथून जायचं नाही. हे मूळ शब्दांत शोधून वाच, आणि सभेत सावकाश वाचून दाखव. मी हे जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा थांबतो. श्रद्धा एवढी खोल असली की दार उघडायला भीती वाटत नाही, आणि दार उघडलं म्हणून ती पातळही होत नाही. तू मला मागे विचारलं होतंस की, कॉलेजात आपण ख्रिस्ती आहोत हे किती दाखवायचं? रुद्रांचं उत्तर वाच, मग आपण बोलू.

अवघड भाग मात्र टाळू नकोस. खिलाफतीच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या खलिफाच्या प्रश्नावर गांधींनी व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्राचा मसुदा याच घरात तयार झाला, आणि असहकाराची कल्पनाही याच छताखाली आकाराला आली, असं स्वतः गांधी सांगतात. रुद्र आणि अँड्र्यूज तो मसुदा तपासायला होते. आणि त्याच असहकाराने विद्यार्थ्यांना काय सांगितलं? सरकारी आणि सरकारी मदतीची कॉलेजं सोडा! म्हणजे ज्या कार्यक्रमाने प्राचार्याचे वर्ग रिकामे होऊ शकत होते, तो प्राचार्याच्याच घरी ठरला. रुद्रांनी राजीनामा दिला नाही. पाहुण्यालाही बाहेर काढलं नाही. ते शिकवत राहिले. याला कोणी कचखाऊपणा म्हणेल, कोणी शहाणपण. मी दुसऱ्या बाजूचा आहे: वर्गातली मुलं आपल्या स्वाधीन केलेली आहेत, असं मानणारा शिक्षक सहजासहजी वर्ग सोडत नाही. पण तू तुझं मत स्वतः बनव आणि सभेत दोन्ही बाजू मांड. श्रोते कंटाळतील या भीतीने ते सोपं करू नकोस. रुद्रांना चळवळीतला नेता बनवणं म्हणजे त्यांच्याविषयी खोटं बोलणं.

जून १९२५ च्या अखेरीस सोलनला ते वारले. गांधींनी 'यंग इंडिया'त त्यांना मूक सेवक म्हटलं. रुद्र, स्वामी श्रद्धानंद आणि रवींद्रनाथ हे अँड्र्यूज यांचं त्रिकूट होतं, दक्षिण आफ्रिकेत असताना ते या तिघांविषयी सतत बोलत, असंही गांधी सांगतात. त्यातले दोघे सगळ्यांना ठाऊक आहेत.

भाषणाआधी एक काम कर. कॉलेज १९४१ मध्ये हल्लीच्या जागी गेलं. कश्मीरी गेटची जुनी इमारत आज दिल्लीच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे. मंडळीतल्या चार मुलांना घेऊन एकदा तिकडे जाऊन ये. आणि सभेला आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांना बोलाव, ख्रिस्ती असोत वा नसोत. पुढच्या रांगेत त्यांना बसव. पाळकसाहेब समजून घेतील. वीस मिनिटांवर जाऊ नकोस. खर्डा झाला की पाठव, मी लगेच वाचून कळवतो.

तुझा,
सर