डान्स क्लाससाठी गाळा घेताय? आधी सीयूपी बघा, व्हेरियन्स नंतर

प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियात शॉपिंग सेंटरमधला गाळा कथक क्लाससाठी घ्यायचाय. प्लॅनिंगच्या काउंटरवर 'कंडिशनल यूज परमिट, म्हणजे सीयूपी लागेल' असं सांगितलं. पार्किंग तीन गाड्यांनी कमी पडतंय म्हणून एजंट म्हणतो 'व्हेरियन्स, म्हणजे नियमातून सूट, मागा'. दोन्ही एकच का?

नाही. आणि तुम्ही व्हेरियन्सच्या नादी न लागलेलंच बरं.

सीयूपीचा संबंध वापराशी. शहराच्या नियमावलीत, म्हणजे म्युनिसिपल कोडमध्ये, प्रत्येक झोनसाठी वापरांचा तक्ता असतो: काही वापरांना थेट परवानगी, काहींना मनाई आणि काही अटींवर चालणारे. तुमचा वापर तिसऱ्या गटातला आहे, म्हणजे कायद्यानेच दार किलकिलं ठेवलंय. व्हेरियन्सचा संबंध मोजमापाशी: सेटबॅक (हद्दीपासून सोडायचं अंतर), उंची, पार्किंगची संख्या. वापरालाच मनाई असेल तर इथे व्हेरियन्सचा उपयोग नाही. राज्याच्या गव्हर्न्मेंट कोडच्या कलम 65906 मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. चार्टर सिटी (स्वतःची सनद असलेलं शहर) असेल तर तिचा स्वतःचा कोड वाचा, भाषा बहुधा याच धर्तीची असते. न्यूयॉर्कमध्ये यूज व्हेरियन्स मिळू शकतो, त्यामुळे तिकडच्या ओळखीच्यांचा सल्ला इथे चालवू नका.

व्हेरियन्स मिळवणं अवघड का, तर कारण जागेतच असावं लागतं: प्लॉटचा आकार, चढउतार, स्थान, आजूबाजूची परिस्थिती. त्यामुळे त्याच झोनमधल्या शेजाऱ्यांना मिळणारी मुभा तुम्हाला मिळत नाही, हे पुराव्याने दाखवायचं. 'भाडं परवडत नाही', 'विद्यार्थी वाढलेत' ही कारणं बाद. 1974 च्या टोपांगा खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने नेमकं इथेच बोट ठेवलं. मोबाइल होम पार्कसाठी दिलेल्या व्हेरियन्समध्ये त्या जमिनीचं वर्णन भरपूर होतं, पण आसपासच्या जमिनींशी तुलनाच नव्हती. चौकोनी, सपाट शॉपिंग सेंटरमधल्या गाळ्यासाठी अशी तुलना कुठून आणणार?

पार्किंगचं बघायचं तर आधी अंतर मोजा. रेल्वे स्टेशनसारख्या मोठ्या ट्रान्झिट स्टॉपपासून अर्ध्या मैलाच्या आत असाल, तर 1 जानेवारी 2023 पासून लागू असलेल्या एबी 2097 या राज्याच्या कायद्यामुळे शहराला किमान पार्किंगची सक्ती सहसा करता येत नाही. तुमचा पत्ता त्यात बसतो का, हे प्लॅनरकडून ईमेलवर लेखी घ्या. बसत नसेल तर कोडमध्ये सामायिक पार्किंगची तरतूद शोधा. बऱ्याच शहरांत ती सवलत सीयूपीसोबतच मागता येते. बँक आणि दातांचा दवाखाना संध्याकाळी बंद होतात, तुमच्या बॅचेस तेव्हाच सुरू होतात. सगळ्या गाळ्यांच्या वेळा आणि लागणाऱ्या जागा तासवार मांडा. अर्जातलं सगळ्यात उपयोगी पान तेच.

बाकी अर्जात साइट प्लॅन, फ्लोअर प्लॅन आणि कामकाजाचं निवेदन. निवेदनात आकडे द्या: एका बॅचला किती जण, शिक्षक किती, शेवटची बॅच कधी सुटते, दोन बॅचेसमध्ये किती मिनिटांचं अंतर. हे अंतर नसेल तर एक बॅच सुटताना दुसरीचे पालक येतात आणि गाड्यांची रांग रस्त्यावर जाते. तक्रारी त्यावरूनच होतात. कथक म्हटल्यावर घुंगरू आणि तबला आलाच, तेव्हा शेजारच्या भिंतीच्या ध्वनिरोधनाबद्दलही लिहा. अर्जावर जागामालकाची सही लागते.

सीयूपीच्या अर्जावर जाहीर सुनावणी होते. तिची नोटीस राज्याच्या कायद्यानुसार 300 फुटांतल्या मालकांना किमान 10 दिवस आधी जाते. त्यापूर्वीच शेजारच्या गाळेवाल्यांना भेटून या. प्लॅनिंग खात्याचा अहवाल, म्हणजे स्टाफ रिपोर्ट, हाती आला की अटींचा मसुदा ओळन् ओळ वाचा. '15 विद्यार्थी' असं लिहिलेलं असेल आणि तुम्हाला 20 हवे असतील तर ते सुनावणीतच बोला. नंतर बदल म्हणजे नवा अर्ज, नवी फी. सीयूपी जागेला मिळतो, व्यक्तीला नाही, त्यामुळे आधीच्या भाडेकरूचा एखादा चालू परमिट फाइलमध्ये आहे का, तेही विचारा.

भाडेकरारावर आत्ताच सही करू नका. करायचीच असेल तर 'सीयूपी मंजूर होऊन अपिलाची मुदत संपेपर्यंत भाडं सुरू होणार नाही, नामंजूर झाल्यास करार रद्द आणि डिपॉझिट परत' हे कलम त्यात घालून घ्या.