सुटलेली एस्पेरांतो पुन्हा धरावी का?

प्रश्न : मी दापोली तालुक्यात राहते. एस.वाय.बी.ए.ची परीक्षा नुकतीच दिली. बारावीनंतरच्या सुट्टीत मोबाइलवर एस्पेरांतो ही मुद्दाम रचलेली आंतरराष्ट्रीय भाषा शिकायला घेतली आणि चार महिने एकही दिवस चुकवला नाही. मग एका ऑनलाइन गप्पांच्या बैठकीत बसले, तर तोंडातून वाक्यच निघेना. कर्माला लागणारा तो ‘न’ दरवेळी राहून जायचा, कुठे-तिथे, केव्हा-तेव्हा अशा 45 शब्दांचा तक्ता पाठ होत नव्हता. घाबरून इंग्रजीत बोलले, तर एक जण ‘ने क्रोकोदिलू!’ म्हणाला आणि बाकीचे हसले. नंतर अर्थ पाहिला : ‘मगरपणा करू नकोस.’ त्याच रात्री अ‍ॅप काढून टाकलं. आता परत शिकावंसं वाटतंय. पण बाबा म्हणतात, ‘आपल्या होमस्टेत इतक्या वर्षांत त्या भाषेचा एक तरी पाहुणा आला का? त्यापेक्षा जर्मन कर.’ काय करू?

उत्तर : आधी त्या मगरीचं बोलू, कारण तुझ्या मनात ती अजून बसलेली दिसते. ‘क्रोकोदिली’ हे एस्पेरांतोतलं रुळलेलं क्रियापद आहे. एस्पेरांतो बोलायला जमायचं आणि अवघड वाटलं की पटकन दुसऱ्या, सोयीच्या भाषेत घसरायचं, याला तो शब्द. तो तुला उद्देशून कुणी बनवलेला नाही. सगळेच शिकणारे तसं घसरतात म्हणून त्याला शब्द लागला. तरीही पहिल्यांदा आलेल्या मुलीला तो न समजावता ऐकवणं आणि वर हसणं हे चुकीचंच होतं. त्यात तुझा दोष नाही.

तोंडातून वाक्य का निघालं नाही, तेही सांगते. अ‍ॅपमध्ये शब्द समोर मांडलेले असतात, तू त्यातला बरोबर शब्द निवडतेस. म्हणजे चार महिने तू शब्द ओळखायला शिकलीस. बोलताना मात्र शब्द मनातून काढावा लागतो आणि तो सराव तुझा झालाच नव्हता. बाजारात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या आठवत नाही, तसं हे आहे. मी स्वतः ही भाषा दोनदा सोडून तिसऱ्यांदा धरली. पहिल्या दोन्ही वेळी माझंही नेमकं इथेच अडलं होतं.

आता तो ‘न’. तो मराठी माणसाकडून का राहतो, याचं कारण आपल्या बोलण्यातच आहे. आपण ‘मी आईला शोधते’ म्हणतो, पण ‘मी चावी शोधते’. माणसाला ‘ला’ लागतो, वस्तूला लागत नाही. एस्पेरांतो असा भेद करत नाही : ‘मी सेर्चास पात्रीनोन’, ‘मी सेर्चास श्लोसीलोन’. आईलाही न, चावीलाही न. (‘मी’ म्हणजे तिथेही मीच, हा योगायोग मला पहिल्या दिवसापासून आवडतो.) आपल्या कानाला वस्तूपुढे काही लागेल अशी अपेक्षाच नसते, म्हणून तो सुटतो. नियम पाठ करून हे सुधारणार नाही. घरातल्या वस्तू घेऊन रोज मोठ्याने पाच वाक्यं म्हण. आणि ‘श्लोसीलो’ नीट बघ : श्लोसी म्हणजे कुलूप लावणं, ‘इल’ म्हणजे साधन, शेवटचा ‘ओ’ नामाचा. शब्द असा फोडता आला की पाठांतर निम्म्यावर येतं.

तो 45 शब्दांचा तक्ता तू वरून खाली पाठ करत बसलीस ना? तो मराठीतून वाच. आपल्याकडे क-ने प्रश्न आणि त-ने उत्तर : केव्हा–तेव्हा, किती–तितके, कसे–तसे, कुठे–तिथे. एस्पेरांतोत कियाम–तियाम, कियोम–तियोम, कियेल–तियेल, किये–तिये. तोच क, तोच त! अर्धा तक्ता तुला जन्मापासून येतो. एका ठिकाणी जपायचं : ‘जेव्हा पाऊस थांबेल तेव्हा’ यातल्या ‘जेव्हा’लाही तिथे ‘कियाम’च येतो, आपला ज त्यांच्याकडे नाही. उच्चारांचंही तसंच. ‘चिंच’ म्हणून बघ. पहिला च वेगळा, दुसरा वेगळा. एस्पेरांतोत या दोन्ही आवाजांना दोन वेगळी अक्षरं आहेत. पुष्कळ शिकणाऱ्यांना हा फरक कानाला शिकवावा लागतो, तुला तो येतोच.

म्हणून पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरुवात करू नकोस. एस्पेरांतोत ‘एतेर्ना कोमेन्त्सान्तो’ म्हणजे कायमचा नवशिका असा शब्दप्रयोग आहे. दरवेळी मागे जाऊन पहिला धडा काढणाऱ्याची तीच गत होते. जिथे तुटलं तिथूनच जोड. पावसाळ्यात तुमच्या खोल्या रिकाम्या असतील, तेव्हा मिरगापासून गणपतीपर्यंतचा वेळ धर. ‘उएआ फात्सीला’ या संकेतस्थळावर सोप्या भाषेत छोटे लेख असतात, रोज एक वाच. मग अंगणात दिसेल त्यावर वहीत पाच वाक्यं लिही. ‘होदियाऊ प्लूवास’, म्हणजे आज पाऊस पडतोय, हे तर रोजच लिहिता येईल! गणपतीनंतर बोल, पण एका वेळी एकाच माणसाशी. गर्दीच्या बैठकीत दिवाळीपर्यंत जाऊ नकोस.

आता बाबांचा प्रश्न. तो रास्त आहे आणि त्याला गोड उत्तर देणं मला पटत नाही. एस्पेरांतोच्या जोरावर तुला नोकरी लागणार नाही आणि होमस्टेचं बुकिंगही वाढणार नाही. तिच्या लोकांचं ‘पास्पोर्ता सेर्वो’ नावाचं यजमानांचं जाळं 1974 पासून चालू आहे, पण तिथे पाहुण्याला फुकट ठेवायचं असतं. ऐन हंगामात बाबांना ते परवडणार नाही. पावसाळ्यात एखादी खोली द्यायची ठरवलीत तर घरबसल्या बोलण्याचा सराव होईल. फक्त परदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांत सरकारी संकेतस्थळावर नोंदवावी लागते, हे विसरू नका.

जर्मन जरूर कर. पर्यटन, अनुवाद, कंपन्यांची कामं, सगळीकडे तिला मागणी आहे. मुंबई-पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनाची ए-1 या पहिल्या पातळीपासूनची प्रमाणपत्रं सगळीकडे मानली जातात. टी.वाय. संपेपर्यंत ए-2 हे ध्येय ठेव. पण जर्मनसाठी एस्पेरांतो टाकायला मी सांगणार नाही. जर्मनमध्ये ‘सफरचंद’ हा शब्द पुल्लिंगी आहे. तू ते खाल्लंस की नामाआधीच्या ‘देर’चा ‘देन’ होतो, ‘एक’ या अर्थाच्या ‘आइन’चा ‘आइनेन’. पुन्हा तोच कर्माचा न! ज्या न-पाशी तू अडलीस तो आधी साध्या भाषेत जिभेवर बसला, तर वर्गात तुझी धडपड कमी होईल. दिवसाचा एक तास जर्मनला आणि वीस मिनिटं एस्पेरांतोला, एवढं पुरे. बायोडेटात ती भाषांच्या यादीत शेवटी लिही. दाखवायला काही हवं असेल तर तिच्याही बी-1, बी-2, सी-1 अशा युरोपीय पातळ्यांच्या परीक्षा होतात.

आणखी एक गोष्ट बाबांना जेवताना सांग. 1887 मध्ये वॉर्सात झामेनहोफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने ही भाषा मांडणारं छोटंसं पुस्तक टोपणनावाने काढलं. ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे आशा बाळगणारा. तेव्हा ती बोलायला त्याच्याकडे माणसंच नव्हती, तुमच्याकडे पाहुणे नाहीत तसंच. 1905 मध्ये फ्रान्समधल्या बुलोन्य गावात पहिली जागतिक परिषद भरली आणि वेगवेगळ्या देशांतले लोक दुभाष्याशिवाय एकमेकांशी बोलले. ही अठरा वर्षं त्याने काढली. तुझी तर दोनच गेली आहेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यातली वाक्यं मला पाठव. चुकलेला न तसाच राहू दे, खाडाखोड करू नकोस. तो कुठे कुठे राहतो ते मला बघायचं आहे.