पेट्रोलला शिव्या नंतर द्या, आधी सेन्सर कुठंय ते बघा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की जुन्या लान्सरमध्ये फोरजी६३ टर्बो, म्हणजे लान्सर इव्होल्यूशनचं (इव्होचं) इंजिन, बसवली, हिवाळाभर मस्त पळाली आणि आता मे महिन्यात लळिंगचा घाट चढताना डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो पेट्रोल खराब. हे वाचून पोटात गोळाच आला. मीही भुसावळच्या रस्त्यावर असाच पेट्रोलपंप बदलत बसलो होतो.

टर्बो केवढी, बूस्ट (तिचा हवेचा दाब) किती, यात पडत नाही, ते तुम्ही पाहिलंच असेल. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर कुठंय? इव्होमध्ये तो एअर फ्लो मीटरमध्ये, म्हणजे टर्बोच्या आधीच असतो. कंपनीचं गणित त्यावर बेतलेलं. मी ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बाहेरचा लावला, इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा रेडिएटर) बदलला आणि सेन्सर होता तिथंच राहू दिला. जानेवारीत पुण्याला ट्यून केली तेव्हा काहीच जाणवलं नाही. मेमध्ये बाहेर ४४ अंश, ईसीयूच्या हिशेबी हवा ४४ ची. इंटरकूलरमधून निघत होती ८० ची! डांबराच्या झळा खाऊन तो काय डोंबलाचं गार करणार? ठिणगीचं टायमिंग मागे (म्हणजे उशिरा) आलंच नाही, त्याच खड्यांच्या आवाजात इंजिन ठोकत राहिलं.

उघडलं तर तिसऱ्या पिस्टनच्या रिंगांमधली भिंत नखाएवढी तुटलेली. डिपस्टिक आपोआप वर यायची, ते मी ‘ढिली झाली असेल’ म्हणून सोडून दिलं होतं.

सेन्सर इंटरकूलरनंतरच्या पाइपात घ्या, उघड्या टोकाचा. मॅनिफोल्डवर नको, तिथं तो धातूचीच गरमी सांगतो. मग ईसीयूत गरम हवेला टायमिंग मागे घेणारा टेबल भरून घ्या, तोही इथल्या मेच्या दुपारी. हिवाळ्यातली ट्यून खानदेशात हिवाळ्यापुरतीच, असं माझं मत. ट्यूनरला राग आला तर येऊ दे.

मी मेकॅनिक नाही, केळीवाला माणूस, आणि गाडी न बघता बोलतोय. म्हणून आधी कम्प्रेशन टेस्ट करा. माझ्या बाकीच्या तीन सिलिंडरना १५० पीएसआय होतं, तिसऱ्या नंबरच्याला ६०. तोवर बूस्ट कंट्रोलर काढून नुसत्या वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर, म्हणजे कमी बूस्टवर, चालवा.

आणि हो, आरसीवर इंजिन नंबर चढलाय ना? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी आधी, इंजिन नंतर. मी उलटं केलं. एका कचेरीत दर वेळी नवाच कागद निघायचा, पाच हेलपाटे झाले, पिस्टन त्यापेक्षा लवकर मिळाला. जिनिंगच्या हंगामात एअर फिल्टरही बघत जा, रुई चिकटून घोंगडी होते त्याची.