सुपरचार्ज्ड एमएक्स-५ वर्धा रोडवर तापते: नवा रेडिएटर घेण्याआधी हे पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १.८ चं बीपी इंजिन, त्यावर ईटनचा एम४५ सुपरचार्जर (इंजिनमध्ये हवा दाबून भरणारा पंप), लहान पुली टाकून बूस्ट, म्हणजे त्या हवेचा जादा दाब, साधारण ९ पीएसआय, समोर ती तापलेली हवा थंड करायला मोठा इंटरकूलर. सिग्नलला उभी असली की काटा ठीक राहते, पण वर्धा रोडवर बुटीबोरीकडे एसी लावून सलग ९०-१०० नं चालवली की चढायला लागते, एसी बंद केला की उतरते. गॅरेजवाला म्हणते जाड अॅल्युमिनियम रेडिएटर टाका न थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून फेका. खालचं प्लास्टिक स्पीड ब्रेकरवर घासत होतं म्हणून काढलेलं आहे, आणि नागपुरात हीटर कोणाला लागते म्हणून हीटरचे दोन्ही पाइप बूच मारून बंद केले आहेत.

माझं म्हणणं सरळ आहे. रेडिएटरवर आत्ता एक रुपया घालू नका. तुमच्या गाडीत रेडिएटर कमी पडत नाहीये, रेडिएटरपर्यंत थंड हवा पोचत नाहीये, आणि इंजिन स्वतः पाहिजे त्यापेक्षा जास्त उष्णता तयार करून राहिलं आहे. दोन्ही गोष्टी त्याच रेडिएटरवर सुधारता येतात.

सिग्नलला ठीक आणि स्पीडला गरम, हे लक्षण फार महत्त्वाचं आहे. उलटं असतं, म्हणजे व्हेरायटी चौकात उभं राहिल्यावर काटा चढला असता आणि हायवेवर उतरला असता, तर मी म्हटलं असतं फॅन पाहा, रिले पाहा, फॅनच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावून १३ व्होल्ट येतात का पाहा. तुमचे फॅन काम करतात. ९० च्या स्पीडला तसाही फॅनचा फार उपयोग नसते, तिथं गाडीच्या वेगानं येणारी हवाच सगळं काम करते, आणि ती हवा तुमच्याकडे रेडिएटरला बगल देऊन निघून जाते.

आता हे नीट समजून घ्या, कारण बाहेरदेशातले लोक जे सल्ले देतात ते त्यांच्या हवेसाठी असतात. रेडिएटर किती उष्णता फेकणार हे पाणी आणि हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंश, हवा २० ची, फरक ७५. आपल्याकडे नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की हवा ४६ ची, फरक ४९. म्हणजे गाडीत काहीही बिघाड नसताना तोच रेडिएटर एक तृतीयांश कमी काम करते. त्यात तुमच्याकडे हवा आधी इंटरकूलरमधून, मग एसीच्या कंडेन्सरमधून येते, ती ६० अंशाची होऊन रेडिएटरला लागली तर फरक उरला ३५. अर्ध्याहूनही कमी. एसी बंद केल्यावर काटा का उतरते त्याचं कारण हेच, कंडेन्सरनं तापवलेली हवा थांबते.

म्हणून पहिलं काम, तो अंडरट्रे, म्हणजे काढलेलं खालचं प्लास्टिक, परत बसवा. या गाडीत तो चिखल अडवायला दिलेला नाही फक्त. स्पीडमध्ये बंपरच्या तोंडात हवेचा दाब वाढतो आणि इंजिनच्या खाली कमी असतो, या फरकामुळेच हवा रेडिएटरमधून खेचली जाते. ट्रे नसला की समोरची हवा खाली वळून थेट इंजिनखाली शिरते, दोन्हीकडे दाब सारखा होतो आणि रेडिएटरमधून जायला तिला कारणच उरत नाही. घरच्या कूलरची एक ताटी नीट बसली नसली की फॅन वाळ्यातून हवा ओढत नाही, त्या फटीतून ओढतो आणि खोलीत गरम हवा येते, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. अगदी तेच. ओरिजिनल ट्रे मिळत नसेल तर दीड मिमीचा अॅल्युमिनियमचा पत्रा हिंगणा एमआयडीसीत कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून वाकवून घ्या, बंपरच्या खालच्या ओठापासून रेडिएटरच्या मागं क्रॉसमेंबरपर्यंत. घासते म्हणता तर पुढचा भाग रबरी पट्टीचा ठेवा, घासू द्या तिला.

मग बाजूच्या फटी. दुपारी बंपरसमोर मांडी घालून बसा आणि टॉर्च तोंडातून आत मारा. मोठा इंटरकूलर बसवताना दोन्ही बाजूंचं मूळ प्लास्टिक बहुतेक कापलेलं असते, आणि इंटरकूलरच्या कडेनं हात जाईल एवढी जागा दिसते. ती सगळी जागा फोमच्या पट्टीनं आणि पत्र्यानं बंद झाली पाहिजे, तोंडातून शिरलेल्या हवेला जाळीतून जाण्याशिवाय दुसरा रस्ता राहता कामा नये. रेडिएटरच्या वरची फट लोक हमखास विसरतात. फटी बंद झाल्या की एसी न लावता इंजिन गरम होऊन फॅन सुरू होऊ द्या आणि एक साधा कागद बंपरच्या तोंडासमोर धरा. जाळीला चिकटून बसला तर ठीक, एका बाजूला पडून राहिला तर त्या बाजूची हवा अजून दुसरीकडून येते. इंटरकूलर आणि कंडेन्सरच्या मध्ये साचलेली धूळ आणि किडे, ते मागून पुढं कमी प्रेशरच्या पाण्यानं काढा, वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गननं नको, फिन्स झोपतात.

दुसरी गोष्ट हीटरचे पाइप, आणि यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण इंजिनचं नुकसान इथं होतं. हे बीपी इंजिन मुळात माझदा ३२३ सारख्या आडव्या इंजिनच्या गाडीसाठी बनलं. तिथं पाणी ब्लॉकच्या एका टोकाला शिरायचं न हेडच्या दुसऱ्या टोकानं बाहेर पडायचं. एमएक्स-५ मध्ये इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, बसवलं तेव्हा थर्मोस्टॅट पुढं आणला, त्यामुळे पाणी पुढूनच आत आणि पुढूनच बाहेर. मागच्या ४ नंबर सिलिंडरला ताजं पाणी सगळ्यात कमी मिळतं. हेडच्या मागच्या टोकाला जो काही प्रवाह आहे तो मुख्यतः हीटरच्या पाइपातून जातो, आणि तोच तुमच्याकडे बुचानं बंद आहे. साध्या गाडीत कदाचित निभलं असतं, ९ पीएसआय बूस्टवर नाही. मागचं सिलिंडर किती तापलं ते नुसत्या काट्यावरून नीट कळत नाही. आजच बूच काढा. हीटर नको असेल तर दोन्ही टोकं एका पाइपानं एकमेकांना जोडा, पाणी फिरत राहिलं पाहिजे. मी तर म्हणतो हीटर परत जोडा, कारण रस्त्यात गाडी तापलीच तर एसी बंद करण्याशिवाय हीटर फुल करून उष्णता बाहेर काढणं हाच उपाय हाताशी असतो. पुढं पैसे झाले तर कूलंट रीरूट करा, म्हणजे थर्मोस्टॅट हेडच्या मागं नेऊन पाणी पूर्ण इंजिनमधून काढायचं. पण त्यानं सिलिंडरांमधला फरक कमी होईल, रेडिएटरची ताकद वाढणार नाही, हे लक्षात ठेवा.

थर्मोस्टॅट काढू नका. तो पाण्याला जो अडथळा देतो त्यामुळे हेडमध्ये पंपाचा दाब टिकतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळ पाणी जागच्या जागी उकळत नाही.

आता इंजिन जास्त उष्णता का बनवते ते. एम४५ हा जुन्या रूट्स पद्धतीचा, हवा दाबताना लय तापवतो. ४५ अंशाची हवा ६ पीएसआयला साधारण १०० च्या वर जाते, ९ ला १३० पार करते, माझा हिशोब या सुपरचार्जरची कार्यक्षमता पन्नास ते पंचावन्न टक्के धरून आहे. एवढ्या गरम हवेवर नॉक (मिश्रण आपोआप भडकणं) टाळायला ट्यूनरनं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागं घेतलेलं असणार. टायमिंग फार मागं गेलं की मिश्रण उशिरा जळते, ती उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्ट पोर्टच्या भिंतीत जाते आणि तिथून सरळ तुमच्या पाण्यात. बॉनेटखालच्या डायग्नोस्टिक बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी लिहिलेल्या दोन पिना तारेनं जोडा आणि टायमिंग लाइटनं पाहा. ओरिजिनल १० अंश आहे. तुमचं किती येते ते मला कळवा. कोणी कॅम सेन्सर फिरवून कायमचं ४-५ वर ठेवलं असेल तर बूस्ट नसतानाही गाडी तापणार, आणि वर्धा रोडवर क्रूझ करताना तर बूस्ट जवळजवळ नसतोच.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलवालं) मिळतं. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ लागते, ई२० ला साधारण १३.५. क्रूझला ऑक्सिजन सेन्सर ते भरून काढतो, पण बूस्टमध्ये ही गाडी ठरलेल्या आकड्यावर चालते, म्हणजे जुन्या पेट्रोलवर केलेलं ट्यूनिंग आपोआप ८ टक्के पातळ झालं, हवेच्या मानानं इंधन कमी पडलं. लॅम्ब्डा (१ म्हणजे नेमकं प्रमाण, त्याखाली म्हणजे इंधन जास्त) ०.८५ ठेवलेला असेल तर तो ०.९२ होतो, आणि या उन्हात बूस्टवर तो मला चालणार नाही. वाइडबँड (हे प्रमाण नेमकं मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) लावून परत ट्यून करून घ्या. आणि एप्रिल ते जून मोठी पुली लावा, मनापासून सांगतो. तीन महिने थोडी ताकद कमी मिळेल, इंजिन वाचेल.

कूलंट आपल्याकडे ५०-५० ठेवायची गरज नाही, पाणी गोठायचा प्रश्नच नाही. ३० टक्के कूलंट गंज थांबवायला पुरते, बाकी डिस्टिल्ड वॉटर, कारण साधं पाणी उष्णता जास्त वाहून नेते. बोअरचं पाणी चुकूनही नको, क्षार बसतात. रेडिएटरची कॅप नवीन घ्या, १.१ बारची चांगली कॅप साध्या पाण्याचा उकळबिंदू १२१ पर्यंत नेते. भरताना गाडीचं नाक वर पाहिजे म्हणजे हवा कॅपकडे येते. आपलं गाव सपाट, रॅम्प नसेल तर सेमिनरी हिल्सच्या चढावर उभी करा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून.

हे सगळं करण्याआधी हेड गॅस्केटची (हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील) खात्री मात्र करून घ्या. सकाळी थंड इंजिन सुरू केल्याबरोबर मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, किंवा कॅप उघडी ठेवून थंड इंजिन चालवताना सतत बुडबुडे आले, तर वरचं सगळं बाजूला ठेवा न आधी लीक टेस्टचं निळं केमिकल लावून पाहा. ते पिवळं झालं तर हेड काढावं लागेल. गरम असताना कॅपला हात लावायचा नाही, हे घरातल्या ड्रायव्हरलाही सांगून ठेवा.

शेवटी एक मोजमाप करून द्या. रेडिएटरच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाइपांवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा, चकचकीत धातूवर इन्फ्रारेड गन खोटं दाखवते. बुटीबोरीपर्यंत एसी लावून चालवा, सर्व्हिस रोडला घेऊन इंजिन चालू ठेवूनच लगेच दोन्ही टेपवर मोजा. दोन्ही गरम आणि फरक दोन-तीन अंशच असेल तर हवा अजून कमी पडते, परत फटी शोधा. फरक १५-२० चा असेल तर पाणी नीट फिरत नाही, मग पंप, बेल्ट आणि आतून चोंदलेला रेडिएटर यांच्याकडे वळू. ट्रे बसवायच्या आधीचे आणि नंतरचे आकडे, बाहेरचं तापमान आणि टायमिंग एवढं टाका, रेडिएटर लागतो की नाही ते मग ठरवू.