सत्कार कोणाचा आणि कसा?

मॅडम, विभागात नव्या आहात म्हणून सांगतो. गोंडवाना विद्यापीठाकडे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोनच जिल्हे, पण एसटी चुकली की प्रॅक्टिकल बुडालं, अशा गावांतून पोरं येतात. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या सत्काराची यादी करताना नुसत्या गुणपत्रिका चाळू नका. गावातल्या हातपंपाच्या पाण्यातलं फ्लोराईड मोजणारी मुलगी, बंद पडलेलं सेंट्रिफ्यूज (नमुने गरगर फिरवून घटक वेगळे करणारं यंत्र) चालू करणारा मुलगा, ही नावं यादीत हवीतच.

प्रमाणपत्रावर ‘उत्कृष्ट कामगिरी’ लिहून मोकळं होऊ नका. नमुने कुठले, पद्धत कोणती, काय आढळलं, ते दोन ओळींत लिहा. पुढे पीएचडीच्या मुलाखतीत हाच कागद कामी येतो. गटाचा प्रकल्प असेल तर कोणी काय केलं ते आधी प्रत्येकाला विचारा. बोलका मुलगा सगळं श्रेय घेऊन जातो आणि संध्याकाळपर्यंत टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब द्रावण घालून मोजणी, करणारी मुलगी मागच्या रांगेत टाळ्या वाजवते. मला ते बघवत नाही.

‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत निवड झाली की लगेच अभिनंदन करा, अंतिम निकालाची वाट पाहू नका.

कार्यक्रम धानकापणी, कापूसवेचणीच्या दिवसांत नको, आईवडील येऊच शकत नाहीत. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन बरा. आईवडिलांना पहिल्या रांगेत बसवा. काम काय केलं ते पोरांनाच सांगू द्या, घरची भाषा गोंडी असेल तर गोंडीत. पाहुण्यांची भाषणं आवरती घ्या, शेवटची एसटी निघायच्या आत सगळं संपलं पाहिजे.